कच्ची की पक्की? मुक्त सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला नाव देताना

नदीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, एक निर्णय अडलाय. आम्हा तिघांत महिनाभर त्यावर चर्चा चालू आहे, पण तिघंही कोड लिहिणारे, त्यामुळे एकाच खिडकीतून बघतोय असं वाटायला लागलंय. म्हणून इथे विचारतो.

गेली नऊ वर्षं आम्ही सार्वजनिक वाचनालयांसाठी एक छोटा प्रोग्राम सांभाळतोय. परवाना मुक्त, कोड उघडा, पैसे नाहीत. दाखल नोंद, देवघेव, वर्गणी, अनामत, दंडाची पावती आणि वर्षअखेरचे अहवाल, एवढंच त्याचं काम. वापरणारी वाचनालयं बहुतेक 'क' आणि 'ड' वर्गातली. एक खोली, एक कॉम्प्युटर आणि पुस्तकं लावण्यापासून झाडलोटीपर्यंत सगळं बघणारे एकटे ग्रंथपाल. सध्याची आवृत्ती १.८ आहे. मधल्या दोन वर्षांत आम्ही आतला गाभा पूर्ण नव्याने लिहिला. नव्यात देवघेव झकास चालते, शोध खूपच वेगात होतो. पण अनामत परत करायचं पान अजून लिहायचंय, आणि वार्षिक अहवालाचे आकडे मी अजून हाताने पडताळून बघतोय.

मित्रांचं म्हणणं, २.० म्हणून सोडून देऊ. लोकांनी वापरल्याशिवाय चुका कळणार नाहीत. ते खरंच आहे. तरी माझा हात अडतो, कारण केडीई ४.० चं काय झालं ते मी जवळून पाहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप, म्हणजे लॉगिन केल्यावर पट्टी, खिडक्या, बटणं असं जे समोर येतं ते. ३.५ ही त्याची आवृत्ती २००५ च्या शेवटी आली आणि पुढची काही वर्षं ती इतकी नीट बसली होती की खालच्या पट्टीवरचं एकेक बटण मी हाताला लावून घेतलं होतं. ११ जानेवारी २००८ ला ४.० आलं. आधी तारीख पुढे गेलेली, त्यामुळे उत्सुकता ताणलेली. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. कुबुंटू (केडीईवालं उबुंटू, लिनक्सचं एक तयार वितरण) ७.१० वर पॅकेजेस मिळत होती, ती त्याच आठवड्यात हॉस्टेलवर रात्री जागून उतरवली. लॉगिन केलं. खाली काळी, जाडजूड पट्टी. ती बारीक करावी म्हणून उजवी टिचकी मारली, तर तसा पर्यायच नाही. डेस्कटॉपवर फायली ठेवायची जुनी सवय मोडीत निघालेली. वर उजव्या कोपऱ्यात एक बटण, ज्याला पुढे चिन्हाच्या आकारावरून जगभर 'काजू' म्हणायला लागले, आणि ते काही केल्या काढता येईना. माझं नशीब की ३.५ शेजारीच शाबूत होतं, मी परत आलो. पण मेमध्ये फेडोरा ९ हे दुसरं लिनक्स वितरण आलं, त्यात केडीईचा डेस्कटॉप म्हणून फक्त ४.० मालिका होती. आमच्या वर्गातल्या एकाने प्रोजेक्टच्या सादरीकरणाच्या आधी ते टाकलं आणि तो पुन्हा कधी लिनक्सकडे वळला नाही.

प्रोग्रामर आळशी होते असं अजिबात नाही. काम प्रचंड झालं होतं. त्यांच्या लेखी ४.० चा अर्थ होता, खालची लायब्ररी आता पक्की, तिच्यावर प्रोग्राम लिहायला घ्या. केडीई ४ च्या नव्या डेस्कटॉपचं, म्हणजे प्लाझ्माचं, काम बघणारे ॲरन सायगो यांनी त्याच दिवसांत स्पष्ट लिहिलं होतं की केडीई ४.० म्हणजे अख्खं केडीई ४ नव्हे, ती सुरुवात आहे. वाक्य अगदी प्रामाणिक. पण ते त्यांच्या ब्लॉगवर होतं आणि माझ्या स्क्रीनवर फक्त '४.०' होतं.

जोतं बांधून झालं होतं आणि पत्रिका वास्तुशांतीच्या गेल्या होत्या. मला आमच्या ग्रंथपालांना तशी पत्रिका पाठवायची नाहीये. काय नाव द्यावं?

प्रश्नांकित

याला नियम आहे ना? सिमॅंटिक व्हर्जनिंग. जुन्याशी जुळत नसेल तर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय आली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. गाभा बदललाय म्हणजे २.०.०. मला यात प्रश्नच दिसत नाही.

बांधणीकार

@प्रश्नांकित, तो नियम चांगला आहे आणि मी रोज पाळतो. पण टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो मांडला तो एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्रामवर विसंबता यावं म्हणून. '२.०.०' बघून माझं बांधणीचं यंत्र थांबतं आणि विचारतं की हे जुळेल का. ग्रंथपाल थांबत नाहीत. त्यांना २ हा आकडा १ पेक्षा मोठा दिसतो, बस. यंत्राला आकड्यातून धोका कळतो, माणसाला त्याच आकड्यातून प्रगती कळते. एकच चिन्ह, दोन उलटे अर्थ.

नदीकाठ, मी गेली बरीच वर्षं एका लिनक्स वितरणासाठी पॅकेजेस बांधतो, म्हणून केडीई ४.० ची दुसरी बाजूही सांगतो. दोष सगळा नावाचा नव्हता. मूळ प्रकल्पातून निघालेली गोष्ट वापरणाऱ्यापर्यंत जाते ती आमच्यासारख्यांच्या हातून, आणि २००८ मध्ये प्रत्येकाने वेगळं ठरवलं. फेडोराचं तुम्ही सांगितलंतच. ओपनसुसे ११.० ने जूनमध्ये ३.५ आणि ४.० दोन्ही दिली, निवड वापरणाऱ्याची. कुबुंटू ८.०४ मुख्यतः ३.५ वरच राहिलं, पण त्याला उबुंटूसारखा दीर्घ आधार जाहीर केला नाही, कारण दोन आवृत्त्यांच्या मध्ये पाय अडकलेला. डेबियन ५.० फेब्रुवारी २००९ मध्ये आलं तरी त्यात ३.५.१० च होतं. त्यांनी केडीई ४ घेतलं ते थेट २०११ च्या ६.० मध्ये, तोवर ते ४.४ पर्यंत मुरलं होतं. डेबियनवाल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, कसला गोंधळ? त्याला तो दिसलाच नाही.

या साखळीत मी एक गोष्ट शिकलो. प्रकाशनाच्या घोषणेत लिहिलेल्या सूचना पहिल्या हातात अर्ध्या गळतात, दुसऱ्या हातात उरलेल्या गळतात. शेवटच्या माणसाकडे पोचतो तो आकडा आणि नाव. म्हणून जे सांगायचं ते नावातच असलं पाहिजे.

पण तुमच्या मित्रांची बाजूही मी उचलून धरतो. अल्फा-बीटा, म्हणजे पक्क्या प्रकाशनाआधीच्या चाचणी प्रती, कुणी वापरत नाही. ४.० नावाने सोडलं नसतं तर इतर प्रोग्राम त्यावर आणायला कुणी हात घातला नसता, आणि जुनं केडीई ज्यावर उभं होतं ते क्यूटी ३ तर म्हातारं होत चाललं होतं. जुलै २००८ ला ४.१, जानेवारी २००९ ला ४.२, आणि ४.२ खरोखर वापरण्याजोगं होतं. वर्षभरात एवढी मजल त्या हजारो तक्रारींमुळेच मारता आली.

जुना_टंक

वाचतोय. बांधणीकारांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मात्र सहमत नाही. तक्रारींमुळे सॉफ्टवेअर सुधारलं हे खरं, पण त्याची किंमत कुणी दिली? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी २००९ च्या सुरुवातीला एका मुलाखतीत सांगितलं की फेडोरातून नवं केडीई आलं आणि ते ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेले. ते बोलले म्हणून कळलं. न बोलता गेलेले किती असतील याची नोंद कुठल्याच बगट्रॅकरमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) होत नाही. आणि ३.५ ज्यांना सोडवेना त्यांनी ट्रिनिटी नावाने ते वेगळं काढून चालू ठेवलं, ते आजही चालू आहे.

याच लिनसनी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आकड्याचं काय केलं ते बघा. पूर्वी कर्नलला सम-विषम पद्धत होती, २.४ लोकांसाठी, २.५ प्रयोगासाठी. जाणकाराला सुटसुटीत, नवख्याला गूढ. नंतर २.६ चं शेपूट २.६.३९ पर्यंत लांबलं आणि जुलै २०११ मध्ये त्यांनी सरळ ३.० म्हटलं. काही मोठं बदललेलं नाही, आकडे मोजायला जड जातात एवढंच कारण, हे त्यांनी पहिल्याच निरोपात ठणकावून सांगितलं. म्हणजे आकड्यातून अपेक्षाच काढून घेतली. ४.०, ५.०, ६.० सगळे तसेच आले आणि कुणाचं काही अडलं नाही. गंमत अशी की माणसांचं अडलं नाही, पण काही प्रोग्रामचं अडलं! ते कर्नलचा आकडा '२.६' ने सुरू होईल असं धरून बसले होते. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये एक सोय ठेवावी लागली, जी ३.० चालू असताना त्यांना २.६.४० सांगते.

आणि डोनाल्ड क्नूथ यांचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर, टेक. त्याची आवृत्ती ३, मग ३.१, ३.१४, अशी π (पाय) च्या किमतीकडे सरकत जाते. २०२१ ची ३.१४१५९२६५३ आहे. हा आकडाच सांगतो की इथे नवं काही येणार नाही, फक्त बारीक दुरुस्ती होणार. आवृत्तीच्या आकड्याने दिलेलं इतकं स्वच्छ वचन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पानगळ

मी प्रोग्रामर नाही. एका छोट्या वाचनालयात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. नदीकाठदादा, तुमचा प्रोग्राम मी वापरत नाही, पण तुम्ही ज्यांच्यासाठी विचारताय त्यांच्यातलीच एक म्हणून लिहिते.

आमच्याकडे दुसरा एक मुक्त प्रोग्राम होता. नाव घेत नाही, ती मुलंही तुमच्यासारखीच मनापासून काम करणारी होती. २.० आलं अशी सूचना पडद्यावर आली. मी त्याच संध्याकाळी टाकलं. का टाकलं ते नीट ऐका, कारण इथल्या कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मी पुस्तकांच्या जगात राहते. आमच्याकडे 'दुसरी आवृत्ती' म्हणजे काय? पहिली आवृत्ती खपली, वाचकांनी चुका कळवल्या, लेखकाने त्या दुरुस्त केल्या, जमलं तर एखादं प्रकरण वाढवलं, आणि मग छापली ती दुसरी. 'सुधारित दुसरी आवृत्ती' असं आतल्या पानावर असलं की आम्ही डोळे झाकून मागवतो. दुसऱ्या आवृत्तीत पहिलीतलं प्रकरण गायब झालंय, मागच्या सूचीची पानं कोरी आहेत, असं कधी कुणी पाहिलंय का? मग 'आवृत्ती २' वाचून मी काय समजायचं?

दंडाची पावती त्यात नव्हती. मार्चचा शेवटचा आठवडा होता. अकरा दिवस मी हाताने पावत्या फाडल्या आणि रात्री घरी बसून रोजकीर्दीशी जुळवल्या. जुनं परत टाकता आलं नाही, कारण नव्याने सगळी नोंद आपल्या पद्धतीने बदलून घेतली होती. त्यांना कळवल्यावर उत्तर आलं की हे रिलीज नोट्समध्ये लिहिलं होतं. असेल. मी ते बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

नदीकाठ

पानगळताई, तुमचा प्रतिसाद आम्ही तिघांनी एकत्र बसून वाचला. 'आवृत्ती' हा शब्द आम्ही नऊ वर्षं पडद्यावर लिहितोय आणि तो छापखान्याचा अर्थ घेऊन तुमच्यापर्यंत पोचतो हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

शुद्धमती

मी काही मुक्त प्रकल्पांचं मराठीकरण करते, त्यामुळे पानगळताईंनी जिथे बोट ठेवलंय तिथे माझं रोजचं काम चालतं.

इंग्रजीतल्या 'स्टेबल'ला आम्ही 'स्थिर' लिहितो. गंमत म्हणजे मूळ शब्दापेक्षा मराठी शब्द जास्त खरा निघाला. डेबियनचं 'स्टेबल' ऐकून लोकांना वाटतं, हे कोसळत नाही. डेबियनवाल्यांना प्रामुख्याने म्हणायचं असतं की हे बदलत नाही; सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर आज जसं आहे तसंच पुढची काही वर्षं राहील. 'स्थिर' म्हणजे जागचं न हलणारं, तेच ते! पण त्याचा जोडशब्द 'अस्थिर' घेतला की पंचाईत. डेबियनच्या 'अनस्टेबल'चं मराठी वाचून कुणालाही वाटेल की हे पत्त्यांचं घर आहे, जेव्हा कित्येक जाणकार रोजच्या कामाला तेच वापरतात.

'बीटा'ला आम्ही काहीच करू शकलो नाही. 'चाचणी आवृत्ती' लिहितो. लोकांना ते कसं ऐकू येतं याची मला शंका आहे, पानगळताईंनी सांगावं.

माडबन

कुडाळहून. काजूचं नाव निघाल्यावर इथे डोकावणं भागच होतं :)

आकड्यांवर खूप बोललात, पण नुसता एक शब्द काय करू शकतो ते लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचाच्या बाबतीत झालं. जुलै २०२० मध्ये ७.० ची अंतिमपूर्व आवृत्ती आली, तिच्या सुरुवातीच्या पडद्यावर 'पर्सनल एडिशन' असा शिक्का. मी अशा आवृत्त्या आवर्जून बघतो, कारण आमच्या इथल्या दोन संस्थांच्या कार्यालयात मीच लिब्रेऑफिस बसवून दिलंय. तिथल्या हेडक्लार्कनी माझ्या लॅपटॉपवर तो शब्द वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे आता ऑफिसात चालणार नाही?" दुसरा प्रश्न, "ऑफिसची पैसे देऊन घ्यायची का?"

लिब्रेऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या मनात तसं काही नव्हतं. परवाना तोच, सोयी त्याच. मोठ्या कंपन्यांनी आधार हवा असेल तर तो देणाऱ्या व्यावसायिकांकडे जावं, नुसतं फुकट उतरवून स्वयंसेवकांवर भार टाकू नये, एवढंच सुचवायचं होतं. हेतू रास्त होता, कारण त्या व्यावसायिकांच्या पैशावरच बरंचसं काम चालतं. पण जगभरातून हेडक्लार्कचेच प्रश्न आले. शेवटी ऑगस्टमध्ये ७.० निघालं ते त्या शिक्क्याशिवाय, आणि फेब्रुवारी २०२१ च्या ७.१ ला 'कम्युनिटी' हा शब्द लावला. 'पर्सनल' हा शब्द वापरणाऱ्याला सांगतो की तू कोण आहेस आणि काय करायची तुला मुभा आहे. 'कम्युनिटी' हा शब्द हे कुणी बनवलंय ते सांगतो. एवढाच फरक, पण एकाने माणूस घाबरतो, दुसऱ्याने घाबरत नाही.

आता त्यांनी आकडेही बदलले. फेब्रुवारी २०२४ साठीची, ३१ जानेवारीलाच आलेली आवृत्ती २४.२, म्हणजे साल आणि महिना.

पानगळ

साल-महिना मला आवडतं. माझी बहीण कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा हा ग्रंथालयांसाठीचा मुक्त प्रोग्राम वापरते. त्यांचंही तसंच झालं म्हणे, ३.२२ नंतर एकदम १६.०५. कॅलेंडरसारखं. कधीचं आहे ते कळतं, चांगलं की वाईट याबद्दल ते काही बोलत नाही. निदान खोटी आशा तरी लावत नाही.

जुना_टंक

यात उबुंटूचं उदाहरण फार जुळतं. २००६ ची त्यांची आवृत्ती ६.०४ म्हणून ठरली होती. सहा आठवडे उशीर झाला, तर आकडाच ६.०६ झाला. उशीर नावात लिहून टाकला! शिवाय तिच्यापासून 'एलटीएस', म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्ती, सुरू झाली. त्या तीन अक्षरांनी जे काम केलं ते दहा पानी सूचनांनी झालं नसतं; ज्याला बदल नकोय त्याने काय घ्यायचं ते नावातच आलं. फायरफॉक्सलाही तोच रस्ता धरावा लागला. २०११ च्या मार्चमध्ये ४, जूनमध्ये ५, पुढे दर सहा आठवड्यांनी नवा आकडा. संस्थांमधली तंत्रज्ञ मंडळी वैतागली, कारण एक तपासून होईतो दुसरी दारात. मग २०१२ च्या सुरुवातीला आवृत्ती १० पासून त्यांच्यासाठी 'ईएसआर' ही जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती वेगळी काढली.

ग्नोमने तर ३.३८ नंतर सरळ ४० घेतलं, मार्च २०२१ ला. ४.० म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं की पुन्हा २०११ च्या ३.० सारखं सगळं उलथंपालथं होणार, आणि ग्नोम ज्यावर बांधलंय त्या जीटीके ४ शीही गल्लत झाली असती. आधीच्या एका मोठ्या आकड्याने लावलेला चटका दहा वर्षं पुरला.

प्रश्नांकित

मग पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं ३? ते तर सांगूनसवरून केलं होतं ना?

बांधणीकार

हो, आणि म्हणून मी ते केडीईच्या रांगेत बसवत नाही. डिसेंबर २००८ ला ३.० आलं तेव्हा जुना कोड यावर चालणार नाही हे आधीपासून डंका पिटून सांगितलेलं होतं आणि २.x शेजारी चालू ठेवलं होतं. तरी ३.० मध्ये फायली वाचणं-लिहिणं फार मंद होतं, ते ३.१ मध्ये सुधारलं. लोक हळूहळू सरकले. २.७ चा आधार आधी २०१५ ला संपणार होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावा लागला. आकडा खरा बोलला, सवड किती लागेल तेवढं चुकलं.

याच्या उलट पर्ल ६. २००० साली जाहीर झालं, पहिलं अधिकृत प्रकाशन डिसेंबर २०१५ ला. ती पंधरा वर्षं जगाने काय समजायचं? ६ येणार म्हणजे ५ मरणार. पण पर्ल ५ धडधाकट होतं आणि ६ ही मुळात वेगळीच भाषा झाली होती. नुसत्या आकड्यामुळे एकीला म्हातारपण आलं आणि दुसरीला कुणाच्या तरी वारसाचं ओझं. ऑक्टोबर २०१९ ला तिचं नाव राकू केलं, तेव्हा दोघी मोकळ्या झाल्या.

नदीकाठ, तुमचा नवा गाभा १.८ ची पुढची पायरी आहे की वेगळीच वस्तू आहे, हे आधी ठरवा.

नदीकाठ

पुढची पायरीच आहे, नोंदी त्याच, काम तेच. त्यामुळे वेगळं नाव देणार नाही.

आतापर्यंत एवढं ठरलंय: २.० हा आकडा राखून ठेवायचा. अनामतीचं पान आणि वार्षिक अहवाल पूर्ण झाल्याशिवाय तो कुठेही छापायचा नाही, म्हणजे पानगळताईंच्या छापखान्याच्या अर्थाने ती खरोखर दुसरी आवृत्ती असेल. तोवर लोकांच्या हातात द्यायची तिला साल-महिना. पण साल-महिना बघून तरी ग्रंथपाल थांबतील का? नवीन तारीख म्हणजे नवीन माल. काहीतरी शब्द हवाच.

शुद्धमती

'पूर्वावलोकन'? नाही, मीच मागे घेते. कुणी बोलत नाही तो शब्द.

माडबन

काल आरटीओत भाच्याला घेऊन गेलो होतो. तिथे एजंटपासून चहावाल्यापर्यंत सगळे 'लर्निंग'ला एकच शब्द वापरतात: कच्चं लायसन्स. आणि ते मिळालेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही की एकट्याने हायवेला जायचं नाही, सोबत पक्कं लायसन्सवाला हवा.

'कच्ची' आणि 'पक्की'. बघा पटतं का.

शुद्धमती

हे मला का सुचलं नाही! कच्चा आराखडा, कच्ची यादी, कच्चा मसुदा. 'कच्ची' म्हणजे वाईट नव्हे, अजून व्हायची आहे. आणि पुढे पक्की होणार हे त्यात गृहीतच आहे. 'अस्थिर'मध्ये ते नाही, 'चाचणी'मध्येही नाही.

बांधणीकार

+१. डाउनलोडच्या फाइलच्या नावातही टाका. आणि मोठं बटण पक्कीचं, कच्चीचा दुवा खाली. नावात एक आणि बटणात दुसरं असं झालं तर बटण जिंकतं.

नदीकाठ

मस्त. मग कच्चीच्या प्रत्येक पानावर आणि पावतीवरही तो शब्द छापतो, म्हणजे विसर पडायला नको.

पानगळ

पावतीवर अजिबात नको! 'कच्ची पावती' सभासदाच्या हातात गेली तर तो म्हणेल, पैसे हिशेबात दाखवत नाही वाटतं. बाजारात कच्चं बिल म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. हिशेब तपासनिसांनी पाहिली तर वेगळंच. शब्द पडद्यावर ठेवा, कागदावर नको. खरं तर कच्चीतून पावती निघूच देऊ नका.

नदीकाठ

ताई, हे तुम्ही थांबवलंत म्हणून बरं. पावती बंद. आणि कच्ची ही जुन्या नोंदींची नक्कल करून त्या नकलेवरच चालेल, मूळ नोंदींना हात लावणार नाही. म्हणजे परतीचा रस्ता कायम उघडा. कोडमध्ये चार दिवसांचं काम आहे, करतो.

पानगळ

शनिवारी तालुक्याच्या ग्रंथपालांची बैठक होती. एका कागदावर तीन नावं लिहून नेली आणि चहाच्या वेळी सात जणांना एकेक करून विचारलं, "कॉम्प्युटरवर असं आलं तर काय समजाल?" मी काही समजावून सांगितलं नाही.

'बीटा' लिहिलेलं पाहून पाच जणांनी खांदे उडवले, एकाने विचारलं कंपनीचं नाव आहे का. 'चाचणी आवृत्ती'ला चौघांनी तोच प्रश्न विचारला, "किती दिवसांनी पैसे मागणार?" त्यांना ती 'ट्रायल' वाटली, तीस दिवसांनी बंद पडणारी. शुद्धमतीताई, तुमची शंका बरोबर होती.

'कच्ची' वाचून आमच्यातल्या सगळ्यात वडील बाई म्हणाल्या, "मग जुनं काढायचं नाही ना?"

नदीकाठ

तेच वाक्य बटणाखाली टाकतोय. "ही कच्ची आहे. जुनं काढू नका."

शुद्धमती

'जुनं' नको, नाहीतर पक्कीच टाकाऊ वाटेल. "ही कच्ची आहे. पक्की काढू नका, रोजचं काम तिच्यावरच करा."

नदीकाठ

घेतलं. आज रात्री चढवतो.